सहा डबे फुगले, खोके सगळेच गेले



सावंतवाडीकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. घरची काजूची बाग, थोडी भातशेती, आणि पुतण्याचे रस्त्याकडेला किराणा दुकान. गोव्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बरे खपतील म्हणून पुतण्याने बिस्किटे-साबणाच्या जोडीला बांगड्याचे आणि तारलीचे डबे विकायला ठेवले. त्यातले काही फुगले. गिऱ्हाईकाने तक्रार केली, अधिकारी आले, त्यांनी नमुने घेतले आणि उरलेले खोके मोहोरबंद करून जप्तीचा कागद हातात दिला. ताई विचारतात, "अठ्ठेचाळीस डब्यांत सहा फुगलेले होते. ते न्यायचे तर खुशाल न्यावेत. बेचाळीस डबे चांगले टणटणीत होते, त्यांचा काय गुन्हा? आमच्या आंब्याच्या पेटीत दोन आंबे डागी निघाले म्हणून कोणी पेटी उचलून नेत नाही."

प्रश्न रास्त आहे, आणि पैशाचा आहे. छोट्या दुकानदाराला एका खोक्याची खोट म्हणजे महिन्याची कमाई. तेव्हा आज याच विषयावर बोलू. डबाबंद मासळी तुमच्या घरी येत नसेल, तरीही शेवटपर्यंत वाचा. ज्या नियमाने ते खोके गेले, तो नियम उद्या तुमच्या गटाच्या लोणच्याला आणि आमरसाच्या डब्यालाही लागू होणार आहे.

आधी कायद्याचे उत्तर सांगतो. आपल्या देशात २००६ सालचा अन्न सुरक्षा व मानके कायदा आहे. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा गेला. या नव्या कायद्याच्या कलम २६ मध्ये असे म्हटले आहे की, एखाद्या खेपेतला काही माल असुरक्षित निघाला तर त्याच जातीची ती सगळी खेप असुरक्षित आहे असे धरून चालावे. बारकाईने तपासणी होऊन बाकीच्या मालात दोष नाही असे ठरले, तरच तो मोकळा. म्हणजे त्या बेचाळीस डब्यांवर संशय आहे आणि तो फिटेपर्यंत ते विकता येणार नाहीत. डब्यावर जो बॅच नंबर असतो ना, बारीक अक्षरांत ठोकलेला, तो याचसाठी. एकाच दिवशी, एकाच भट्टीत शिजलेले ते सगळे डबे एकमेकांचे भाऊबंद. एकाला रोग निघाला की बाकीच्यांची नाडी पाहायची.

पण कायद्यात असे का लिहावे लागले? त्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. तिथेही सुरुवात मासळीच्या डब्यांपासूनच समजून घेता येते.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्काचा किनारा आहे. तिथे सामन नावाचा मासा समुद्रातून नद्यांत अंडी घालायला चढतो. (आपल्याकडे रावसाला काहीजण हिंदी सामन म्हणतात, पण तो मासा वेगळा.) ही चढाई वर्षातून थोडेच आठवडे चालते, आणि त्या दिवसांत मासा असा येतो की ठेवायला जागा पुरत नाही. कोकणातल्या वाचकांना मे अखेरची कॅनिंगची गर्दी माहीत आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर टेम्पोंची रांग, उन्हात तापणाऱ्या क्रेट, आणि खालचा आंबा पाणी सोडायला लागलेला. तिथेही तेच होई. होड्यांत, धक्क्यावर मासा पडून राही. आंबा दोन दिवस कळ काढतो, मासा काढत नाही. मग पडून राहून वास मारू लागलेला मासाही ताज्याबरोबर डब्यात जाई, वाफेवर शिजे आणि झाकण बंद होऊन जहाजावर चढे. बाहेरून सगळे डबे सारखेच चकचकीत.

त्या देशात १९०६ सालापर्यंत सगळ्या देशाला लागू होईल असा शुद्ध अन्नाचा कायदाच नव्हता. तो व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटलेले गृहस्थ म्हणजे डॉ. हार्वे वायली. इंडियाना प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेच्या शेती खात्याचा मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३० जून १९०६ रोजी त्या कायद्यावर सही केली. त्यात एक ओळ अशी होती की, जे अन्न पूर्णतः किंवा अंशतः घाणेरड्या, कुजलेल्या वा सडलेल्या प्राणिज किंवा वनस्पतिज पदार्थाचे बनले असेल ते भेसळीचे समजावे.

"किंवा अंशतः" हे दोन शब्द ध्यानात ठेवा. सगळी मेख त्यांत आहे.

या कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. माल जप्त करायचा झाला तर अमेरिकेचे सरकार मालकावर फिर्याद न करता थेट मालावरच करी. खटल्याचे नावच मुळी "अमेरिका सरकार विरुद्ध सामनच्या डब्यांची अमुक इतकी खोकी" असे असे. आरोपीच्या पिंजऱ्यात डबे! मालक असेल त्याने पुढे यावे, माल माझा आहे म्हणावे आणि त्याची बाजू मांडावी. हसू येते खरे, पण त्यात शहाणपण आहे. मालक लबाड होता की भोळा, त्याला ठाऊक होते की नव्हते, हा वाद वर्षभर चालेल. तोवर कुजका मासा लोकांच्या पोटात जाता कामा नये. म्हणून आधी माल धरायचा.

तर अशाच एका सामनच्या खटल्याचा निकाल तिथल्या पश्चिम किनाऱ्याच्या अपील न्यायालयाने १९२२ साली दिला. मालावर हक्क सांगणारी कंपनी अँडरसन नावाची होती. तिचे म्हणणे आपल्या ताईंच्या म्हणण्याच्या जवळचे होते. या मालाने कोणाच्या आरोग्याला अपाय होतो हे सरकारने कुठे सिद्ध केले आहे? न्यायालयाने सांगितले की, त्याची गरज नाही. कायद्याने कुजलेला माल बाजारात येऊच नये असे म्हटले आहे. तो खाऊन कोणी आजारी पडले का, हा प्रश्न या कलमात येत नाही. मालात कुजका मासा आहे हे ठरले, की जप्ती योग्य.

कुजला आहे हे ठरवायचे कसे? तर नाकाने. खेपेतून ठरावीक डबे उचलायचे, एकेक फोडायचा आणि सरावलेल्या माणसाने वास घ्यायचा. पुढे प्रयोगशाळा आल्या, यंत्रे आली, तरी मासळीच्या तपासणीत नाकाला आजही मान आहे. पण फोडलेला डबा विकता येत नाही आणि न फोडता आत काय आहे ते कळत नाही. सगळे फोडून पाहिले तर विकायला काय उरणार? म्हणून थोडे फोडून साऱ्या खेपेचा निवाडा करावा लागतो. ताईंच्या आंब्याच्या पेटीत आणि डब्यांच्या खोक्यात हाच फरक आहे. आंबा तुम्ही हातात घेऊन, हुंगून, दाबून निवडता. डागी बाजूला काढता. पत्र्याच्या आतला मासा कसा निवडणार?

येथवर फक्त कुजक्या माशाची गोष्ट झाली. आता दुसरी, जास्त भयंकर.

डबाबंद पदार्थ दोन वेळा बिघडू शकतो. एक, डब्यात जाण्याआधी. मासा पडून राहिला, कुजू लागला आणि मग डब्यात गेला. शिजवल्याने जंतू मेले, पण कुजका तो कुजकाच. बांगडा, तारली, कुपा या जातींचा मासा पकडल्यावर गार ठेवला नाही तर त्यात हिस्टॅमिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, डब्यात वाफ देऊनही जात नाही. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते. कधी जिभेवर मिरी चावल्यासारखे झोंबते. पुष्कळदा लोक म्हणतात, "मला मासे बाधले." खरे तर मासा बाधलेला नसतो, तो शिळा असतो.

दुसरा बिघाड डबा बंद झाल्यावरचा. मातीत, गाळात, माशाच्या आतड्यात एक जंतू असतो, त्याचे नाव बोट्युलिनम. त्याची बीजे फार चिवट. साध्या उकळत्या पाण्यात तासभर ठेवली तरी मरत नाहीत. म्हणून मासळीचे डबे कारखान्यात मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात, साधारण १२१ अंश सेल्सिअस उष्णतेला, मोजून वेळ लावून शिजवतात. उष्णता कमी पडली, वेळ कमी पडला, किंवा नंतर डब्याला सुईच्या टोकाएवढे भोक राहिले, तर बीज आत उरते वा आत शिरते. आत हवा नाही, ओल आहे, खाणे आहे. त्या जंतूला असेच घर लागते. तो वाढतो आणि विष सोडतो. हे विष इतके जहाल असते की चव पाहण्यापुरता घास पुरतो. आणि त्याला वास असेलच असे नाही, डबा फुगलेला असेलच असेही नाही.

१९७८ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरात चार वयस्क माणसांनी अलास्काच्या सामनचा एक डबा मिळून खाल्ला. चौघेही आजारी पडले, दोघे दगावले. एक डबा, दोन जीव. चार वर्षांनी, १९८२ साली, बेल्जियममध्ये तशाच सामनच्या डब्याने एक माणूस मेला. त्या वेळी डबा तपासला तर पत्र्याला बारीकसे छिद्र. कारखान्यात रिकामे डबे चपटे करून येत आणि एक यंत्र त्यांना पुन्हा गोल करी. त्या यंत्राच्या दोषाने पत्रा फाटत होता. मग हाच दोष दुसऱ्या कारखान्यांत आहे का, हे पाहणे आले. शेवटी पाच कोटींहून अधिक डबे बाजारातून परत बोलावले गेले. त्यांतले बहुतेक डबे चांगले असणार हे उघड आहे. पण कोणते, हे कोण सांगणार? बेचाळीस डब्यांचा हिशेब मनात घोळत असेल तर हा पाच कोटींचा हिशेब शेजारी ठेवून पाहावा.

आता काजूवाल्या वाचकांसाठी एक आपल्या देशातली गोष्ट. १९५४ च्या आपल्या कायद्यातही तीच ओळ होती, "पूर्णतः किंवा अंशतः घाणेरडे, कुजके, सडके", आणि पुढे "कीड लागलेले किंवा अन्यथा खाण्यास अयोग्य". दिल्लीत एका दुकानदाराकडच्या काजूच्या तुकड्यांत कीड सापडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ साली निकाल झाला. न्यायालयाने म्हटले की, नुसती कीड दिसली एवढ्यावर भागणार नाही, त्या कीडीने माल माणसाने खाण्यास अयोग्य झाला आहे हेही दिसले पाहिजे. अमेरिकेतल्या निकालापेक्षा हा सूर थोडा मऊ. मला तो बरोबर वाटतो. काजूतली कीड डोळ्यांना दिसते, निवडता येते, आणि आपल्याकडचे धान्य गोदामात कीड न लागता राहणे ही नशिबाची गोष्ट. बंद डब्यातल्या मासळीला मात्र ही सवलत मागू नये. २००६ च्या कायद्यातही "असुरक्षित अन्न" म्हणजे आरोग्याला अपाय होईल असे बिघडलेले अन्न अशी व्याख्या आहे, आणि कशाने बिघडलेले त्या यादीत कुजके-सडके पदार्थ "पूर्णतः किंवा अंशतः" आहेतच. शब्द अमेरिकेतून निघून इथवर आले.

मग दुकानदाराने मुकाट्याने सोसायचे का? मुळीच नाही. त्यालाही हक्क आहेत आणि ते माहीत नसल्याने माणसे घाबरतात. अधिकाऱ्याने नमुना घ्यायचा तर लेखी सूचना द्यावी लागते. नमुन्याची बाजारभावाने किंमत द्यावी लागते, फुकट उचलता येत नाही. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. ही मागणी तिथल्या तिथे करायची असते, बहुतेकांना ठाऊकच नसते! विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असे कायदा सांगतो. अहवाल मान्य नसेल तर तो हाती आल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. तेव्हा ताई, अहवालाचे पाकीट येईल त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेवायला पुतण्याला सांगा. आणि कोणी अधिकारी काही कारण नसताना केवळ छळायला माल जप्त करील तर त्यालाही एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. खोटी तक्रार करणाऱ्यालाही दंड आहे, हेही सांगून ठेवतो.

जप्त माल कुजत चालला असेल, तर लेखी नोटीस देऊन तो नष्ट करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. त्या नोटिशीची प्रत जपून ठेवावी.

पत्रातली एक ओळ मात्र मला खटकली. डबे "एका टेम्पोवाल्याकडून स्वस्तात" घेतले होते, पावती नाही. इथे पुतण्याची बाजू लंगडी पडते. कायद्याप्रमाणे घाऊक व्यापाऱ्याने दिलेले बिल हीच मालाच्या दर्जाची हमी धरली जाते. बिल असते तर बोट टेम्पोवाल्याकडे, त्याच्यामागे कंपनीकडे जाते. माल कोणाकडून घेतला हे सांगता आले नाही, तर जबाबदारी विकणाऱ्याच्या गळ्यात येते. रस्त्यावर स्वस्त मिळणाऱ्या डब्यांत मुदत संपत आलेले, गोदामात भिजलेले, पोचे आलेले डबे असतात. कडेची दुमड जिथे ठोकर खाते तिथेच डबा प्रथम हवा घेतो. कोकणच्या पावसाळी हवेत तर गंज आतपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आता शेतकऱ्याचे. कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की हा कायदा शेतकऱ्याला, मच्छीमाराला, त्यांच्या शेतावरच्या पिकाला लागत नाही. तुमच्या खळ्यावरचे भात, झाडाचा आंबा, जाळ्यातला बांगडा यावर हे कलम चालत नाही. पण तोच आंबा तुम्ही रस काढून डब्यात भरला आणि विकला, बचत गटाने सोडे पाकिटात बंद करून विकले, की तुम्ही अन्न व्यावसायिक झालात. नोंदणी लागते, खेपेची नोंद लागते, आणि वर सांगितलेला सगळा नियम लागू होतो. आमरसाच्या डब्यात बोट्युलिनमची भीती कमी, कारण पुरेशा आंबटपणात तो जंतू वाढत नाही. म्हणूनच गोड आंब्याच्या रसात कारखानदार सायट्रिक ॲसिड घालून आंबटपणा राखतात. मासळीत, मटणात, मटार-मक्यात असा आंबटपणा नसतो. तेव्हा भगिनींनो, घरच्या कुकरवर बरण्यांत मासळी भरून टिकवण्याचा प्रयोग कोणी शिकवला तरी करू नये. सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा ही आपली जुनी रीत आहे. मीठ आणि ऊन भरपूर, पाणी कमी. ओल राहिली तर तीही बिघडते, पण ते नाकाला कळते.

आखातात गेलेला भाऊ, जहाजावरचा जावई घरी येताना डबे आणतो. डबा हाती घेतला की आधी दोन्ही टोके अंगठ्याने दाबून पाहा. दाबल्यावर टोक आत जाऊन पुन्हा टपकन वर येत असेल, कडेने चिकट ओघळ असेल, गंज खरवडल्यावर खड्डा पडत असेल, तर तो डबा उघडायचाच नाही. उघडल्यावर पाणी फसकन उडाले, तर चव पाहायची नाही. आपल्या बायकांना चव पाहून ठरवायची सवय असते, इथे तीच घात करते. खाल्ल्यावर बारा ते छत्तीस तासांत नजर दुहेरी होऊ लागली, पापण्या पडू लागल्या, तोंड कोरडे पडून गिळता येईना झाले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. थेट मोठ्या इस्पितळात न्या आणि डबा खाल्ल्याचे सांगा. रिकामा डबाही बरोबर न्या. अशा अन्नाने मृत्यू झाला तर विकणाऱ्या-बनवणाऱ्याकडून वारसांना निदान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद कायद्यात आहे.

आणि एक राहिलेच. बिघडलेला डबा उकिरड्यावर फेकू नका. कोंबड्या तो टोचतात. याच विषाने कोंबड्यांची मान लुळी पडते, त्या मान जमिनीवर टाकून बसतात आणि मरतात. कुत्र्या-मांजरांनाही घालू नका. विहिरीपासून दूर, हातभर खोल खड्डा करून न उघडताच पुरा आणि हात साबणाने धुवा. डबा दुकानातून विकत घेतलेला असेल तर मात्र पुरायची घाई नको. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, बॅच नंबर आणि दुकानाची पावती जवळ ठेवा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात कळवा. त्याच खेपेचे बाकीचे डबे कोणाच्या फळीवर आहेत ते शोधायला त्यांना तो नंबर लागतो.